आईचा घरगुती मसाल्याचा धंदा कंपनी करायचाय? मग हा क्रम धरा

हा लेख ज्यांची आई (किंवा बाबा, किंवा सासूबाई) दहा-पंधरा वर्षं घरातून मसाले, भाजणी, चकली, पापड असलं काहीतरी विकतेय आणि आता मुलगा-मुलगी-सून त्यात उतरून ते मोठं करायचं म्हणतायत, त्यांच्यासाठी. बहुतेकजण करतात काय, तर आधी नाव आणि लोगो, मग इन्स्टाग्राम पेज, मग एखादा सीए गाठून थेट प्रायव्हेट लिमिटेड, मग दहा हजार छापील पाऊच, आणि मग कधीतरी विचारतात, "आई, धणे किती घेतेस गं?" त्यावर आई सांगते, "अंदाजाने". बरेचसे पैसे इथेच बुडतात. कामं सगळी तीच असतात हो, फक्त क्रम उलटा झालेला असतो.

उदाहरण म्हणून मी कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला आणि चकलीची भाजणी धरतोय, कारण कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे हे घरोघर चालतं. तुमचं लोणचं किंवा पापड असला तरी क्रम तोच.

## तयारी: आईशी बोलणं, आणि ते कागदावर

हे भावनिक बोलणं नाही, व्यवहाराचं आहे. तीन गोष्टी ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिली, आईला खरंच धंदा वाढवायचाय का. पुष्कळ आयांना महिन्याला पंधरा-वीस हजार हातात येतायत, ओळखीची माणसं आहेत, दुपारी दोन तास आडवं होता येतंय, एवढंच हवं असतं आणि त्यात काही चूक नाही. तसं असेल तर तिचा धंदा तिच्याकडे राहू दे, तुम्ही तिची रेसिपी वापरायची परवानगी घेऊन वेगळी सुरुवात करा.

दुसरी, तिने पुढे काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही. माझं मत विचाराल तर भाजणं-कुटणं-पॅकिंग हे तिच्या हातून वर्षभरात काढून घ्यायचं आणि चव पास-नापास करणं फक्त तिच्याकडे ठेवायचं. ती नापास म्हणाली तर बॅच बाहेर जाणार नाही, मग ऑर्डर कितीही मोठी असो.

तिसरी, पैसे. आजपर्यंत धंद्यातून आलेले पैसे किराण्यात, लाइटबिलात, नातवाच्या फीमध्ये गेलेत. उद्यापासून धंद्याचे पैसे धंद्यातच राहणार म्हटल्यावर घरखर्चाला तेवढा खड्डा पडणार, तो कुठून भरायचा हे आधी ठरवा. आईला दरमहा ठरलेली रक्कम द्या आणि ती तिच्या स्वतःच्या खात्यात जाऊ द्या. भावंडं असतील तर त्यांनाही आत्ताच समोर बसवा, धंदा मोठा झाल्यावर "आईचं म्हणजे सगळ्यांचं" हे वाक्य येतंच येतं.

तपासा: तिन्ही उत्तरं एका कागदावर आहेत, तारीख आहे, सगळ्यांच्या सह्या आहेत. वकील नको, साधी वही चालेल.

## १. दोन महिने फक्त मोजा, काही बदलू नका

आत्ता धंदा जसा चाललाय तसा चालू द्या, फक्त नोंद करा. कुणी काय किती घेतलं, रोख की गुगल पे, उधार किती, कच्चा माल कितीला आणला, किती किलो भरला, किती उरला, किती खराब झाला. एक मोठी वही किंवा मोबाइलवरची शीट, जे आई रोज लिहील ते. (आई वहीच लिहील. शीट तुम्ही रात्री भरा.)

हे करताना दोन गोष्टी नक्की सापडतात. एक म्हणजे आई दहा-बारा वस्तू विकत असते आणि विक्रीतला मोठा भाग दोन-तीन वस्तूंचाच असतो. दुसरी म्हणजे शेजारी, नातेवाईक, जुन्या मैत्रिणी यांना गेलेली पाकिटं. "तिच्याकडून काय पैसे घ्यायचे" या सदरात किती माल जातो ते बघा, आईवर चिडू नका, फक्त नोंद करा.

थांबा: वाढवायला पहिल्या वर्षी दोनच वस्तू निवडा. चकलीपेक्षा भाजणी बरी, चकली प्रवासात तुटते, तेलामुळे खवट होते, पॅकिंग महाग पडतं. भाजणीला दिवाळीत मागणी एकदम चढते आणि नंतर उतरते, म्हणून तिच्या जोडीला बारमाही चालणारा मसाला हवाच.

## २. मूठ, ओंजळ, चिमूट यांचे ग्रॅम करा

सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि हीच लोक टाळतात.

आई मसाला करायला बसली की तुम्ही वजनकाटा घेऊन शेजारी बसा. तिला "किती घेतेस" विचारू नका, विचारलं की ती आठवून सांगते आणि आठवलेलं आणि हातातलं वेगळं असतं. ती तिच्या पद्धतीने घेईल, कढईत टाकण्याआधी तुम्ही भांडं काट्यावर ठेवायचं, बस. असं किमान पाच वेळा करा, पाचही वेळा आकडे वेगळे येतील, मग सरासरी काढून तो आकडा आईच्या समोर ठेवा आणि त्या वजनाने एक बॅच करून तिलाच चाखायला द्या.

नोंद फक्त वजनाची नको. हेही लिहा:

- मिरची कुठली आणि कुठून आणली. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी किंवा लवंगी तिखटाला, हे प्रमाण बदललं की गिऱ्हाईक लगेच बोलतं.
- देठ काढण्याआधीचं वजन आणि नंतरचं. खरेदी देठासकट असते, रेसिपी देठाशिवाय, हा फरक विसरला की हिशेब आणि चव दोन्ही चुकतात.
- भाजताना गॅस किती, किती मिनिटं, आणि "झालं" हे आई कशावरून ओळखते. खोबरं कितपत लालसर, धण्याचा वास कधी सुटतो, तीळ तडतडायला लागल्यावर किती वेळ. मोबाइलवर शूट करून ठेवा, रंग शब्दांत सांगता येत नाही.
- कांदा किती वाळवला. कांदा-लसूण मसाल्यात गुठळ्या होणं आणि बुरशी येणं यामागे जवळजवळ नेहमी कांद्यात राहिलेलं पाणी असतं.
- कुटून-चाळून शेवटी हातात किती आलं. १० किलो आत गेलं म्हणजे १० किलो बाहेर येत नाही.

प्रमाण वाढवताना मोठी चूक अशी होते की दोन किलोच्या रेसिपीला सरळ दहाने गुणून वीस किलो एकाच मोठ्या कढईत भाजतात. खालचं करपतं, वरचं कच्चं राहतं, आणि मग सगळे म्हणतात "आईच्या हाताची चव गेली". आईचा हात तिथेच आहे हो, कढई बदलली. सुरुवातीला कढई तीच ठेवा आणि भाजण्याच्या खेपा वाढवा. रोस्टर, म्हणजे भाजायचं मशीन, नंतर.

कुटण्याचंही तसंच. डंकावर कुटलेला मसाला आणि पल्व्हरायझरमधून (दळायच्या मशीनमधून) काढलेला मसाला यात फरक पडतो कारण पल्व्हरायझर वेगाने फिरतो, माल तापतो आणि वास उडतो. मशीन वापरायचंच असेल तर माल पूर्ण गार झाल्यावर, थोडा थोडा टाका, आणि खोबरं-तीळ शेवटी किंवा वेगळे काढा, नाहीतर त्यांच्या तेलाने जाळी चोंदते.

## ३. दुसऱ्याच्या हातून करून बघा

आता आईला स्वयंपाकघराबाहेर बसवा. लिहिलेला कागद घेऊन तुम्ही किंवा मदतीला येणाऱ्या मावशी मसाला करतील. आईने तोंड उघडायचं नाही. अवघड आहे, पण करा.

मग चव तपासायची ती अशी: एकाच प्रकारची आमटी तीन वाट्यांत, दोन वाट्यांत आईचा मसाला, एकीत नवा, किंवा उलट, आणि खाणाऱ्याला विचारायचं, तीनपैकी वेगळी कुठली? "कुठली चांगली" हे अजिबात विचारायचं नाही, घरची माणसं आईलाच चांगली म्हणतात. बारा जण घ्या, निम्मे तरी घराबाहेरचे. नुसत्या अंदाजाने सांगितलं तरी बारापैकी साधारण चौघांचं बरोबर येतं. आठ किंवा जास्त जणांनी वेगळी वाटी बरोबर ओळखली तर फरक खरा आहे, कागदात काहीतरी सुटलंय, परत मागच्या पायरीवर जा.

तपासा: आई आठवडाभर गावी गेली तरी माल तसाच निघतो का? नसेल निघत तर कागदपत्रांना हात लावू नका.

## ४. खरा खर्च काढा, आईच्या मजुरीसकट

खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे वेगळे असतील, पद्धत बघा. १० किलो तयार मसाला, म्हणजे २५० ग्रॅमची ४० पाकिटं.

- कच्चा माल: ४,५०० रुपये
- गॅस-वीज: २५०
- कुटणावळ: ४००
- पाऊच आणि लेबल: ३२०
- आईची दोन दिवसांची मजुरी: १,२००
- मदतनीस, एक दिवस: ४५०

एकूण ७,१२०, म्हणजे पाकिटाला १७८ रुपये. आई आजवर १६० ला विकत होती आणि वरच्या यादीतल्या शेवटच्या दोन ओळी तिने कधी धरल्याच नव्हत्या, त्यामुळे तिच्या हिशेबाने पाकिटाला १३७ खर्च आणि २३ नफा. खऱ्या हिशेबाने पाकिटामागे १८ रुपये तोटा, जो तिने स्वतःच्या श्रमातून भरला. घरगुती धंदा वाढवल्यावर "विक्री दुप्पट झाली पण पैसा दिसत नाही" होतं त्याचं कारण हे, फुकटचे श्रम दुप्पट होत नाहीत, तिथे पगारी माणूस आणावा लागतो.

आता दुकानाचा हिशेब. समजा एमआरपी २९०. दुकानदाराने २० टक्के घेतले, ५८ गेले. वितरकाचे साधारण १८. उरले २१४, त्यात ५ टक्क्यांचा जीएसटी आहे तो वजा केला की हातात २०४. खर्च १७८. उरलेल्या २६ रुपयांतून वाहतूक, फुटलेली पाकिटं, सॅम्पल, उधारीत अडकलेला पैसा. बघा, परवडतंय का.

थांबा: थेट गिऱ्हाइकाला वेगळी आणि दुकानाला वेगळी अशा दोन एमआरपी छापायच्या नाहीत. एमआरपी एकच ठेवा, थेट घेणाऱ्याला हवी तर सूट द्या. आणि भाव वाढवायचाच असेल तर तो आत्ता, नवीन पॅकिंग येण्याआधी वाढवा, नाहीतर "पिशवी चकचकीत केली आणि भाव वाढवला" हे ऐकावं लागतं.

कच्च्या मालाचं एक सांगायचं राहिलं. मिरचीचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. वर्षाची मिरची तेव्हाच घ्यायची हे आईला माहीतच असतं, पण ती चाळीस किलो घेत होती आणि तुम्हाला चारशे किलो लागणार, त्याचे पैसे एकदम लागतात आणि पावसाळ्यात ती मिरची दमट होऊ नये म्हणून कोरडी जागा किंवा कोल्ड स्टोरेजचं भाडं लागतं. धंद्याला कर्ज लागतं ते बऱ्याचदा मशीनपेक्षा याच कामाला.

## ५. कागदपत्रं, याच क्रमाने

सगळं आधी आईच्या नावावर, प्रोप्रायटरशिप (एकाच माणसाच्या मालकीचा धंदा) म्हणूनच करा. कंपनीची घाई नको, कारण शेवटच्या पायरीत येईल.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. आधार आणि पॅनवर, सरकारी पोर्टलवर, पूर्ण फुकट. पैसे मागणाऱ्या वेबसाइट सर्चमध्ये वर दिसतात, त्या सरकारी नाहीत.

करंट खातं. उद्यम प्रमाणपत्रावर बँका उघडून देतात. त्या दिवसापासून क्यूआर कोड या खात्याचा, आईच्या बचत खात्याचा काढून टाका.

एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाचा परवाना. त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर अर्ज. छोट्या उलाढालीला नोंदणी, मोठ्याला राज्याचा परवाना. २०११ च्या नियमांत ही सीमा वर्षाला १२ लाखांची होती आणि नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये, पण सीमा आणि फी नियमदुरुस्तीत बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवर काय आहे तेच धरा. इथे चूक काय होते, लोक "विक्रेता" हा प्रकार निवडतात आणि करतात उत्पादन. मसाला कुटून भरणारा उत्पादक असतो. दुसरी चूक पत्त्याची: परवाना जागेचा असतो, घरचा घेतला आणि माल गाळ्यात करताय तर तो परवाना गाळ्याला चालत नाही. परवाना घेतलेल्या उत्पादकाला दरवर्षी ३१ मेपर्यंत वार्षिक रिटर्न भरायचं असतं, विसरलात तर दिवसाला १०० रुपये दंड चढतो.

जीएसटी. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पुढचं कुणी वाचत नाही: करपात्र माल राज्याबाहेर पाठवला की उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. आता कोल्हापूरच्या माणसाला बेळगाव म्हणजे बाहेरगावसुद्धा वाटत नाही, पण ते कर्नाटक आहे. गोवाही तेच. कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची, उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) उत्पादकाला १ टक्काच कर आहे पण त्यात राज्याबाहेर विकता येत नाही, त्यामुळे पुढच्या दोन वर्षांत गोवा-बेळगाव-बंगळूर करायचं असेल तर विचार करून घ्या. मसाल्यावर ५ टक्के आहे, पॅकबंद चिवडा-फरसाणासारख्या पदार्थांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ वर आला, पापडावर शून्य. जुन्या बिलावरचे दर उतरवून काढू नका.

आयकर रिटर्न, आईच्या नावाने. कर शून्य येत असला तरी भरा. मोठं कर्ज मागायला गेलात की बँक मागची दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागते, आणि पंधरा वर्षं धंदा केलेल्या बाईकडे दाखवायला एक कागद नसतो.

योजनांबद्दल थोडंसं. अन्नप्रक्रियेसाठीची पीएमएफएमई योजना २०२० मध्ये आली, खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान, आपल्याकडे ती कृषी विभागातून चालते. तिची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवली होती, म्हणून आधी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात आज अर्ज घेतायत का ते विचारा. अर्ज करून देणाऱ्या जिल्हा संसाधन व्यक्तीचं मानधन योजनेतून जातं, तुम्ही "टक्का" द्यायचा नसतो. आणि हे नीट ऐका, अनुदान हातात मिळत नाही, ते कर्जाशी जोडलेलं असतं आणि तीन वर्षं बँकेत बाजूला पडून राहतं, हप्ते नीट गेले तरच कर्जात वळतं. अनुदानासाठी गरजेपेक्षा मोठं मशीन घेतलेली आणि ते झाकून ठेवलेली घरं प्रत्येक तालुक्यात आहेत.

## ६. नाव

लेबल छापण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी पोर्टलवर नाव शोधा. मसाले आणि पीठं यांचा वर्ग ३०. अन्नपूर्णा, गृहिणी, सुगरण, माऊली असली नावं सुचली की ती आणखी शंभर जणांना सुचलेली असतात, वेळ घालवू नका. व्यक्ती म्हणून किंवा उद्यम प्रमाणपत्र जोडून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाची फी ४,५०० रुपये, कंपनीच्या नावाने आणि उद्यमशिवाय केला तर ९,०००. अर्ज केल्यावर नावापुढे टीएम लावता येतं, गोलातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच.

अर्ज आईच्या नावाने करा. पुढे कंपनी झाली तरी ट्रेडमार्क आईकडे ठेवून कंपनीला वापरायचा लेखी करार देता येतो. भावंडांच्या किंवा भागीदारांच्या भांडणात नाव कुणाचं यावर सगळं अडतं, तेव्हा हा कागद कामी येतो.

## ७. लेबल आणि पाऊच

पहिल्या सहा महिन्यांत छापील पाऊच करू नका. प्रत्येक रंगासाठी छपाईचा वेगळा सिलिंडर बनवावा लागतो, किमान ऑर्डर मोठी असते, आणि पत्ता, परवाना नंबर, एमआरपी यातलं काहीतरी बदलणारच. साधा पण चांगला लॅमिनेटेड पाऊच घ्या आणि स्टिकर लावा. साधी पारदर्शक पॉलिथिनची पिशवी नको, गोड्या मसाल्यात खोबरं आणि तीळ असतात, उजेड आणि हवा लागली की ते खवट होतात.

लेबलवर काय हवं: पदार्थाचं नाव, घटक (वजनाने जास्त ते आधी), निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरावं, बॅच नंबर, सर्व करांसहित एमआरपी आणि ग्रॅमला किती पडतं तो दर, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, शाकाहारी हिरवं चिन्ह, एफएसएसएआयचा लोगो आणि १४ अंकी नंबर, पोषणमूल्यांचा तक्ता (लागू असेल तिथे), अॅलर्जीची सूचना.

इथे नेहमी चुकतं ते:

- हिंग. बाजारातल्या खड्या-पुडीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. डब्यावर वाचा. असेल तर तुमच्या मसाल्यात गहू आहे आणि तो अॅलर्जीच्या सूचनेत यायला हवा.
- "घरगुती", "होममेड". जाहिरात आणि दाव्यांच्या २०१८ च्या नियमांत गिऱ्हाइकाची दिशाभूल करू शकतील असे होममेड वगैरे शब्द वापरायला मनाई आहे. गाळ्यात मशीनवर केलेल्या मसाल्यावर ते लिहू नका. तुमच्या सगळ्या जाहिरातीचा गाभाच तो शब्द असतो, हे मला माहीत आहे.
- वैधमापन विभागाची (वजनं-मापं तपासणारं सरकारी खातं) पॅकर म्हणून नोंदणी आणि काट्यावरचा शिक्का. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा असतो, इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून घ्यायचा. घरचा ऑनलाइन मागवलेला स्वयंपाकाचा काटा विक्रीला चालत नाही.

टिकायची मुदत मनाने लिहू नका. प्रत्येक बॅचची सहा पाकिटं बाजूला ठेवा, महिन्याला एक फोडा, वास-रंग-चव लिहा. पोषणमूल्यं आणि बाकी तपासण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्या.

आखातात किंवा सिंगापूरला कुणाबरोबर पाकीट पाठवत असाल तर: गोड्या मसाल्यात खसखस असते आणि खसखशीला तिथे बंदी आहे. नेणारा माणूस विमानतळावर अडकतो. खसखस वगळून वेगळी बॅच करा आणि घटकांत ती नाही हे दिसू द्या. व्यापारी निर्यात हा वेगळाच विषय, त्याला आयात-निर्यात कोड आणि मसाला बोर्डाची नोंदणी लागते, पहिल्या वर्षी तिकडे वळूच नका.

## ८. जागा, मशीन, माणसं

घराबाहेर कधी पडायचं? मिरची कुटायची म्हटलं की सोसायटीत भांडण ठरलेलं, तो ठसका तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. ऑर्डर नियमित झाल्या, घरातली एक खोली कायमची अडकली, की गाळा बघा. भाड्याचाच घ्या. वीज जोडणी व्यवसायाची, शक्यतो थ्री फेज, पाणी पिण्यायोग्य असल्याचा तपासणी अहवाल, भिंती धुता येतील अशा, कच्चा माल एका दाराने आत आणि तयार माल दुसऱ्या बाजूने बाहेर.

मशीनच्या खरेदीचा क्रम: आधी चांगला काटा आणि सीलिंग मशीन, मग चाळणी, मग पल्व्हरायझर, सगळ्यात शेवटी रोस्टर. कुटल्यावर माल लोहचुंबकावरून जाऊ द्या, मशीनचा लोखंडी कीस मसाल्यात येतो. पल्व्हरायझर घ्यायच्या आधी तुमचा माल घेऊन विक्रेत्याकडे जा, त्याच्या डेमो मशीनवर दहा किलो काढून बघा आणि तो मसाला आईला द्या. तिने नाक मुरडलं तर पैसे खिशात ठेवा.

मदतीला येणाऱ्या मावशींना रोजावर ठेवलं तरी हजेरी लिहा, पगार खात्यावर द्या, वर्षाला वैद्यकीय तपासणी करा. माणसं दहा झाली की ईएसआय (कामगार विमा) आणि वीस झाली की पीएफ लागू होतो. आणि पूर्ण रेसिपी एकाच माणसाच्या हातात देऊ नका. खडा मसाला आईने किंवा तुम्ही आधीच तोलून, नंबर टाकलेल्या पिशव्यांत भरून ठेवायचा, भाजणाऱ्याला "पिशवी ३" एवढंच माहीत.

## ९. विक्री, आतून बाहेर

आधी जुनी गिऱ्हाइकं. आईच्या फोनमधले नंबर हीच खरी संपत्ती आहे, त्यांच्यावर ऑफरचा मारा करू नका, दर महिन्याला एकच साधा मेसेज आणि तो आईच्या भाषेत. मग शहरातली दहा दुकानं, त्याच भागातली, म्हणजे एका फेरीत होतात. मग प्रदर्शनं, बचतगटांचे स्टॉल. मग कुरिअर. मोठी ऑनलाइन दुकानं सगळ्यात शेवटी, त्यांचं कमिशन आणि परत आलेला माल चौथ्या पायरीत उरलेल्या २६ रुपयांत बसत नाही.

दुकानात पहिल्यांदा माल ठेवताना एक डझन पाकिटंच द्या. "विकलं तर पैसे" ही बोली एकदाच मान्य करा, दुसऱ्या खेपेला जुने पैसे मिळाल्याशिवाय नवीन माल नाही. खरी कसोटी दुसऱ्या खेपेची, पहिली खेप ओळखीने जाते. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे. मोठ्या स्टोअरच्या साखळीला तो दाखवता येतो. गल्लीतल्या वाण्याला कायदा दाखवून पैसे निघत नाहीत, तिथे स्वतः जाऊन उभं राहावं लागतं.

दिवाळीची भाजणी: ऑर्डर नवरात्रापर्यंत घ्या, निम्मे पैसे आगाऊ, आणि आकडा ठरला की बंद म्हणजे बंद.

## १०. आता कंपनी

उलाढाल जीएसटीत दिसतेय, दोन वर्षांची रिटर्न्स आहेत, गाळा चालू आहे, आईशिवाय माल निघतोय. आता विचार करा.

बाहेरून भांडवल घ्यायचं नसेल तर आई आणि तुम्ही यांची भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) बहुतेकांना पुरते. एलएलपीला उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेपर्यंत ऑडिटची सक्ती नाही. प्रायव्हेट लिमिटेडला मात्र पहिल्या रुपयापासून ऑडिट, ३० दिवसांत ऑडिटरची नेमणूक, १८० दिवसांत धंदा सुरू केल्याचं घोषणापत्र, दरवर्षीचे फॉर्म, आणि उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. धंदा बंद पडला तरी हे चालूच राहतं.

कंपनीच करायची असेल तर आईचा धंदा कंपनीत कसा आणणार हे सीएला आधी विचारा. धंदा सगळ्या मालमत्ता-देण्यांसकट कंपनीत गेला तर भांडवली नफ्याचा कर लागू नये म्हणून ज्या अटी आहेत त्यात एक अशी की आईकडे किमान ५० टक्के मतदानाचे शेअर्स हवेत आणि ते पाच वर्षं टिकायला हवेत, आणि मोबदला म्हणून तिला शेअर्सच मिळायला हवेत. "आईला काय कळतंय कंपनीतलं" म्हणून तिला ५ टक्के देऊन मोकळे होणारे इथे अडकतात, आणि तसंही ते बरोबर नाही.

पॅन बदलतो तेव्हा काय काय नवीन लागतं त्याची यादी करा: बँक खातं, जीएसटी (जुन्यातली शिल्लक क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, नवीन नंबरवर वळवायचा अर्ज वेगळा असतो), उद्यम, वैधमापन, गाळ्याचा भाडेकरार, वीज, क्यूआर कोड. एफएसएसएआय परवाना एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर असा वळत नाही, कंपनीला नवीन काढावा लागतो आणि नवा नंबर पडतो. म्हणून कंपनीच्या अर्जाआधी दोन महिने लेबलं कमी मागवा, जुना नंबर छापलेली लेबलं नव्या कंपनीच्या मालाला लावता येणार नाहीत आणि त्याच्यावर स्टिकर डकवत बसायला कुणाला वेळ नसतो.